काकांच्या फोटोतलं कॉकपिट

आमच्या फोंड्याच्या जुन्या घरात ओसरीच्या भिंतीवर तीन फोटो असायचे. एक आजोबांचा, एक मंगेशीच्या देवळासमोर काढलेला सगळ्या कुटुंबाचा आणि तिसरा विमानाच्या कॉकपिटचा. पाहुणे आले की पहिल्या दोन फोटोंकडे कुणी बघत नसे. सगळे तिसऱ्यापाशी थांबायचे आणि मग घरातलं कुणीतरी ती गोष्ट सांगायला घ्यायचं.

गोष्ट अशी होती. आमच्या धाकट्या काकांनी सिल्वासा मुक्तीच्या वेळी विमानातून शहरावर पत्रकं टाकली. फोटोत काका पूर्ण दिसत नाहीत. उजव्या कोपऱ्यात खुर्चीच्या पाठीवर टेकलेला एक हात दिसतो आणि हातात कापडाची घडी. हात काकांचा आणि कापड म्हणजे तिरंगा, असं आम्हा मुलांना सांगितलेलं. समोरच्या तबकड्यांपैकी एकीत आडवी रेघ चांगलीच कललेली दिसते. "बघ, विमान वळतंय," असं मोठी माणसं बोट ठेवून दाखवायची. फोटोच्या मागे शाईनं लिहिलेलं होतं, "सिल्वासा, २ ऑगस्ट १९५४."

काका स्वतः मात्र या गोष्टीत कधी पडले नाहीत. विषय निघाला की पानाचा डबा उघडायचे किंवा गोठ्याकडे जायचे. दरवर्षी १९ डिसेंबरला शाळेत मी माझ्या काकांबद्दल छाती फुगवून बोलत असे. हा त्यांचा विनय आहे, असं तेव्हा वाटायचं.

काका गेले आणि त्यानंतर काही वर्षांनी घर दुरुस्तीला काढलं तेव्हा तो फोटो माझ्याकडे आला. चौकटीतून काढून पहिल्यांदाच नीट हातात धरला. त्याच सुमारास एका कामासाठी मला वापीला जायचं होतं. वापीहून सिल्वासा रस्त्यानं अगदी जवळ. म्हटलं, काकांनी जे शहर वरून पाहिलं ते आपण निदान खालून तरी बघून येऊ.

दादरा नगर हवेलीशी आपलं नातं जुनं आहे. हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला तोच मुळी मराठ्यांकडून. मराठी आरमारानं पोर्तुगीजांचं एक जहाज पकडलं होतं, त्याच्या भरपाईपोटी पुढे १७७९ च्या तहाला धरून पेशव्यांनी नगर हवेलीचा महसूल त्यांना लावून दिला. १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या हाती आली आणि दोन वर्षांनी दादरा. दमण समुद्रकाठी आणि हे दोन तुकडे आत जमिनीत. मधल्या पट्ट्यावर आधी ब्रिटिशांचं राज्य, १९४७ नंतर भारताचं. म्हणजे दमणहून सिल्वासाला पोलीस पाठवायचा तरी पोर्तुगीजांना दुसऱ्याच्या अंगणातून जावं लागे.

१९५४ च्या पावसाळ्यात हेच अंगण बंद झालं. २१ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मास्कारेन्यस यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी दादरा घेतलं. तिथल्या चौकीवर आनिसेतु द रोझारियु हा पोलीस अधिकारी मारला गेला. काही दिवसांनी नरोली मोकळी झाली. आणि २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, राजा वाकणकर, नाना काजरेकर ही त्यातली काही नावं. पुण्याहून आलेल्यांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरेही होते. शस्त्रांसाठी पैसे जमवायला पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो शिपायांसह खानवेलच्या बाजूला निघून गेला आणि ११ ऑगस्टला उदव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला.

या सगळ्या हकिगतींत मी विमान शोधत होतो. एकही सापडलं नाही. माणसं आगगाडीनं आली, गाडीरस्त्यानं आली आणि शेवटचा टप्पा पावसात, चिखलात पायी चालली. सिल्वासात विमान उतरेल अशी धावपट्टीच नव्हती.

सिल्वासाला गेलो तेव्हा पहिल्यांदा पोर्तुगीज काळातलं चर्च पाहिलं. ते बघताना जुन्या गोव्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही. मग दमणगंगेच्या पुलाकडे चालत गेलो. चहाच्या टपरीवर एक वयस्क गृहस्थ भेटले. गुजराती वळणाचं मराठी बोलत होते. १९५४ ला दहा वर्षांचा होतो म्हणाले. मी पिशवीतून फोटो काढला आणि विचारलं, "काका, त्या वेळी इथं विमान आलं होतं का? पत्रकं टाकायला?"

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला. "विमान नाही आलं भाऊ. माणसं आली होती. ओली, चिखलात भरलेली. मला आठवतं, कारण आईनं दार लावून घेतलं होतं."

परतीच्या गाडीत माझ्यापुढे एकच प्रश्न होता. हा फोटो सिल्वासाचा नाही, तर मग कुठला?

वास्कोला माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. नौदलात विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं, आता निवृत्त. त्यांच्याकडे फोटो घेऊन गेलो. त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर फोटोतल्या हातावर अंगठा ठेवून तो झाकला. "आधी माणूस विसरा," म्हणाले. "माणूस दिसला की आपण गोष्ट शोधायला लागतो. यंत्र बघा. ते कुणाचं ऐकून बोलत नाही."

पुढचे दोन तास त्यांनी मला जे शिकवलं ते थोडक्यात सांगतो. तुमच्याही घरी एखाद्या जुन्या ट्रंकेत असा फोटो असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे फोटो उलटा छापलेला नाही ना हे बघायचं. काच किंवा फिल्म उलटी धरून छापलेले फोटो पुष्कळ असतात. तबकड्यांवरचे आकडे सरळ वाचता आले की पुढे जायचं.

मग सुकाणू. लढाऊ आणि शिकाऊ विमानांत बहुधा वैमानिकाच्या दोन पायांमध्ये दांडा असतो. स्पिटफायरच्या दांड्याच्या टोकाला कडं असायचं, ते एकदा पाहिलं की विसरत नाही. प्रवासी विमानात दांड्याऐवजी अर्धं चाक असतं आणि शेजारी शेजारी दोन खुर्च्या. आमच्या फोटोत अर्धं चाक होतं. म्हणजे प्रवासी किंवा मालवाहू विमान.

तिसरी पायरी म्हणजे लिव्हर मोजायचे. दोन खुर्च्यांच्या मध्ये जो उंचवटा असतो त्यावर इंजिनांचे थ्रॉटल असतात. जितकी इंजिनं तितके थ्रॉटल. फोटोत बाहेरचा पंख दिसत नसला तरी इंजिनं किती हे इथं कळतं. डकोटाला दोन, व्हायकिंगला दोन, डग्लसच्या डीसी-४ ला चार, कॉन्स्टेलेशनला चार. आम्ही भिंग लावून मोजले. चार होते.

चौथी पायरी सर्वांत मजेची. विमान कुठल्या देशाचं? ब्रिटिश विमानात वैमानिकासमोर सहा तबकड्यांचा एक ठरावीक चौकोन असतो, वर तीन, खाली तीन. वर डावीकडून वेग, कृत्रिम क्षितिज आणि चढ-उताराचा दर. खाली उंची, दिशा आणि वळण. ब्रिटिश हवाई दलानं दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधी ही मांडणी पक्की केली, ती त्यांच्या लढाऊ विमानांत आली आणि पुढे प्रवासी विमानांतही राहिली. हेतू साधा होता. वैमानिक एका विमानातून दुसऱ्यात बसला तरी त्याचा डोळा सवयीच्या जागी जावा. त्याच काळातल्या अमेरिकन डकोटात किंवा डीसी-४ मध्ये मधोमध स्पेरी कंपनीच्या स्वयंचालकाची पेटी दिसते आणि बाकीच्या तबकड्यांची मांडणी वेगळी असते.

दुसरी खूण ब्रेकची. त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश विमानांत ब्रेक हवेच्या दाबावर चालत आणि त्यांचा लिव्हर सुकाणूच्या चाकालाच बसवलेला असे, सायकलच्या ब्रेकसारखा. अमेरिकन विमानात ब्रेक पायाखालच्या पेडलच्या वरच्या टोकाला. आमच्या फोटोत सहा तबकड्यांचा चौकोन स्पष्ट होता आणि चाकाच्या आतल्या बाजूला तो लहानसा लिव्हरही.

म्हणजे विमान ब्रिटिश. डग्लस आणि कॉन्स्टेलेशन दोन्ही बाद झाली. कॉन्स्टेलेशन ओळखायला तर आणखी सोपं. त्यात उजव्या वैमानिकाच्या मागे फ्लाइट इंजिनीअरचं वेगळं टेबल आणि तबकड्यांनी भरलेली आख्खी भिंत असते. आमच्या कॉकपिटमध्ये दोन माणसं दाटीवाटीनं बसतील एवढीच जागा होती. चार इंजिनांची ब्रिटिश व्हायकाउंटही या देशात उडत होती, इंडियन एअरलाइन्सनं ती १९५७ मध्ये आणली. पण तिची इंजिनं टर्बाइनची. त्यात बूस्ट दाखवणारी तबकडी नसते, आमच्या फोटोत ती होती.

"चार इंजिनं, ब्रिटिश आणि एवढंसं कॉकपिट," ते म्हणाले, "बोगमाळोच्या वाटेवर जाऊन डव्ह बघून या. मग सांगतो."

दाबोळीचं नौदलाचं विमान संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. मुलांना घेऊन गेलात तर ती तिथल्या मोठ्या सुपर कॉन्स्टेलेशनकडेच धावतात. मीही आजवर तेच केलं होतं. या वेळी तिला वळसा घालून द हॅविलंड डव्हपाशी उभा राहिलो. लहानसं दोन इंजिनांचं विमान. पुढच्या काचा फुगीर, बाकीच्या अंगापेक्षा किंचित वर उचललेल्या, बेडकाच्या डोळ्यांसारख्या. फोटोतल्या काचांच्या पट्ट्या त्याच वळणाच्या होत्या.

डव्हची मोठी बहीण म्हणजे हेरन. द हॅविलंड कंपनीनं डव्हचंच अंग लांबवलं, पंख वाढवले आणि दोनाऐवजी चार जिप्सी क्वीन इंजिनं बसवली. पहिलं हेरन १० मे १९५० रोजी उडालं. चौदा ते सतरा प्रवासी बसायचे. लहान धावपट्टीवर उतरू शकणारं, देखभालीला सोपं विमान म्हणून ते विकलं गेलं. हेरनच्या कॉकपिटचे जुने फोटो मिळवून आमच्या फोटोशेजारी ठेवले. लिव्हरांचा उंचवटा, सहा तबकड्या, काचेची मधली पट्टी, सगळं जुळलं.

आता ती कललेली रेघ. लहानपणापासून आम्ही जिला वळणारं विमान म्हणत होतो तिच्याबद्दल मी त्यांना शेवटी विचारलं. ते हसले.

कृत्रिम क्षितिजाच्या आत एक भोवरा फिरत असतो. तो वेगात फिरतोय तोवर सरळ उभा राहतो आणि त्याच्या आधारानं विमान किती कललं हे दिसतं. आपल्या लाकडी भोवऱ्याचंही तसंच ना, जाळीतून सुटला की ताठ आणि जोर संपला की आडवा. त्या काळच्या विमानांत हा भोवरा इंजिनाच्या जोरावर हवा ओढून फिरवलेला असायचा. इंजिन बंद झालं की थोड्या वेळानं तो थांबतो, एका कुशीवर पडतो आणि तबकडीतली रेघ वाकडी होते. जमिनीवर नुसत्या उभ्या असलेल्या विमानात क्षितिज असं कललेलं दिसणं अगदी नेहमीचं आहे.

"पण वळतानाही कललेलंच दिसेल," मी म्हटलं.

"दिसेल. म्हणून एका तबकडीवर विश्वास ठेवायचा नाही. बूस्ट बघा."

इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब दाखवणारी ही तबकडी. अमेरिकन विमानात तो पाऱ्याच्या इंचांत मोजतात, त्यामुळे बंद इंजिनाचा काटाही बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो आणि समुद्रसपाटीला तीसच्या आसपास उभा असतो. ब्रिटिश पद्धतीत बाहेरच्या हवेइतका दाब म्हणजे शून्य धरतात. इंजिन बंद, काटा शून्यावर. फोटोतले बूस्टचे काटे शून्यावर होते. त्यांच्याशेजारी इंजिनांचे फेरे दाखवणारे काटेही तळाला टेकलेले. वेगाचा काटाही हललेला नव्हता.

विमान उडत नव्हतं. वळत तर नव्हतंच. ते कुठंतरी उभं होतं, इंजिनं थंड होती आणि कुणीतरी आत शिरून फोटो काढला होता.

इथं एक सांगायला हवं. कॉकपिटवरून विमानाची जात कळते, मालक कळत नाही. हेरन विमानं इंडियन एअरलाइन्सकडेही होती. विमानाचा नोंदणी क्रमांक बऱ्याचदा तबकड्यांजवळ एका पट्टीवर लिहिलेला असतो. भारताचा असेल तर व्हीटी ही अक्षरं, पोर्तुगीज हिंदचा असेल तर सीआर आणि पुढे आय. आमच्या फोटोत ती पट्टी आहे, पण फ्लॅशच्या उजेडानं नेमकी तीच पांढरी झाली आहे.

फोटो मोठा करून घेतला तेव्हा थ्रॉटलच्या खाली चिकटवलेला एक कागद दिसला. हातानं लिहिलेल्या दोन ओळी. दुसरी वाचता येत नाही. पहिलीतला पहिला शब्द तीन अक्षरांचा आहे आणि मधल्या अक्षरावर नागमोडी टोपी आहे. इंग्रजीत अशी टोपी नसते. ज्यांनी पोर्तुगीज शाळेच्या बाकावर चार दिवस काढले आहेत त्यांना तो शब्द सांगावा लागणार नाही. "नांव". म्हणजे नको, नाही. कशाला तरी हात लावू नका, असं कुणीतरी पोर्तुगीजमध्ये लिहून ठेवलं होतं.

त्या काळी आपल्या भागात पोर्तुगीज सूचना चिकटवलेलं हेरन म्हटलं की एकच नाव पुढे येतं. त्रान्सपोर्तिश आएरियुश दा इंदिया पोर्तुगेझा, म्हणजे टीएआयपी. आणि ही कंपनी निघाली १९५५ साली.

म्हणजे २ ऑगस्ट १९५४ ही तारीख चूक. सिल्वासा हे गावही चूक. पण गंमत अशी की सिल्वासा पूर्णपणे चूक नाही.

टीएआयपी का निघाली ते बघा. सिल्वासा गेलं आणि लिस्बनला एक गोष्ट उघड दिसली. जमिनीवरचा रस्ता भारताच्या हातात आहे, तो बंद झाला की पोर्तुगीज हिंदचे तुकडे एकमेकांना मदत करू शकत नाहीत. त्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता, सैन्य आणि सशस्त्र पोलिसांना नव्हता, आणि भारतानं काही चूक केली नाही, असा त्याचा अर्थ. तोवर इथं सत्याग्रह, गोळीबार, नाकेबंदी होऊन गेली होती, आगगाडी थांबली होती, माणसांचं जाणंयेणं तुटलं होतं. नाकेबंदीला कारणं अनेक, सिल्वासा हे त्यातलं एक. पण जमिनीची वाट किती कच्ची आहे हा धडा पहिल्यांदा सिल्वासानं दिला. दाबोळीचा विमानतळ उभा राहिला, त्याला त्या वेळच्या गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचं नाव मिळालं. दमण आणि दीवलाही विमानं उतरू लागली. हेरननंतर व्हायकिंग आली, मग डग्लसची मोठी विमानं. गोवा, दमण, दीव, तिथून कराची आणि पुढे थेट लिस्बन.

आज आपण दाबोळीला सुटीच्या दिवसात गर्दीत उभे असतो तेव्हा मनातही येत नाही की या धावपट्टीच्या मुळाशी दमणगंगेकाठचा तो पावसाळा आहे. पायी चाललेल्या माणसांनी एक गाव घेतलं म्हणून दुसऱ्या बाजूला विमानं घ्यावी लागली.

हे सगळं जुळवून झाल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, दोन दिवस. मग लक्षात आलं की आपण काय शोधून काढलंय. आमचे काका, ज्यांच्या नावानं मी शाळेत भाषणं केली, ते पोर्तुगीजांच्या विमान कंपनीत होते.

काकी तेव्हा ऐंशीला आल्या होत्या. दोन वेळा जाऊन न बोलता परत आलो. तिसऱ्या वेळी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "काकी, काका दाबोळीक कामाक आशिल्ले?"

त्यांनी चष्मा लावला. फोटोवरून हात फिरवला. मग अगदी सहज म्हणाल्या, "ते विमानां धुताले रे. चलयनासले." कोपऱ्यातल्या हातावर बोट ठेवून म्हणाल्या, "हें पुसपाचें लुगट."

आम्ही ज्याला तिरंगा म्हणत आलो ते काच पुसायचं फडकं होतं.

"मग फाटल्यान हें सिल्वासा?"

"तें तुज्या आज्यान बरयलां."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घरात खाणारी तोंडं बरीच होती, नाकेबंदीत धंदा बसला होता. काकांना दाबोळीला काम मिळालं, दर महिन्याला पगार हातात येऊ लागला. एका दुपारी विमान उभं असताना तिथल्याच कुणीतरी हा फोटो काढून दिला. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. काका त्या दिवशी घरी होते, एवढंच काकींना आठवत होतं. त्याच रात्री तिथं उभी असलेली दोन विमानं, एक कॉन्स्टेलेशन आणि एक टीएआयपीचं डग्लस, घाईघाईनं बुजवलेल्या धावपट्टीवरून अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना घेऊन कराचीला निघून गेली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि काकांची नोकरी संपली.

"पाकल्यांचें मीठ खालां म्हणटाले लोक," काकी म्हणाल्या. आजोबांना धसका बसला होता. घरात लग्नाच्या मुली होत्या. एक दिवस त्यांनी फोटो चौकटीतून काढला, मागे ती ओळ लिहिली आणि परत टांगला. गोष्ट त्यांनी पहिल्यांदा कुणाला सांगितली ते माहीत नाही. पण ती चालली. कललेली रेघ होती, हातात कापड होतं. बाकीचं ऐकणाऱ्यांनी भरलं.

"आनी काका कांय उलयले नात?"

"तांकां कोणें विचारलेंच ना."

या वाक्यावर मी बराच वेळ गप्प बसलो. खरंच, इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी काकांना "तुम्ही तिथं काय करत होता?" असं विचारलं नव्हतं. आम्ही त्यांना त्यांचीच गोष्ट ऐकवत होतो आणि ते गोठ्याकडे जात होते.

आजोबांचा मला राग आला होता. आता येत नाही. मुक्तीनंतरच्या त्या वर्षांत घराची अब्रू राखायला त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं. पण सिल्वासाला जे खरोखर चिखल तुडवत गेले, त्यातले पुष्कळजण आपली कामगिरी कुठं नोंदली जावी म्हणून म्हातारपणापर्यंत कागद घेऊन हिंडले. त्यांच्या वाट्याचा थोडासा मान आमच्या ओसरीवर फुकट टांगलेला होता, हेही तितकंच खरं. आणि काकांनी प्रामाणिकपणे केलेलं काम, पहाटे उठून दमट वाऱ्यात विमानाच्या काचा लख्ख पुसणं, त्याला मात्र घरात जागा नव्हती. पोर्तुगीज राजवटीत शिपाई, कारकून, शिक्षक, खलाशी म्हणून गोव्यातली कितीतरी माणसं राबली. त्यांच्याही घरी अशा चौकटी असतील.

घर दुरुस्त झाल्यावर तिन्ही फोटो परत ओसरीवर लावले. लावण्याआधी कॉकपिटचा फोटो उलटा करून टेबलावर ठेवला. आजोबांची ओळ खोडली नाही, तो अधिकार माझा नाही. तिच्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, "द हॅविलंड हेरन. बहुधा दाबोळी, १९५५ नंतर. विमान जमिनीवर उभं आहे. हात काकांचा."

परवा भाच्याचा मुलगा आला होता, सात वर्षांचा. फोटोपाशी थांबला आणि त्यानं कललेल्या रेघेवर बोट ठेवलं. "विमान वळतंय?"

"नाही रे," मी म्हटलं, "आतला भोवरा झोपलाय." आणि मग त्याला बसवून सुरुवातीपासून सगळं सांगितलं, सिल्वासाच्या पावसापासून फडक्यापर्यंत. शेवटी त्यानं विचारलं, "पण ती काच त्यांनीच पुसली होती?"

मी भिंग आणून दिलं. फोटोत काच इतकी स्वच्छ आहे की पलीकडचं आभाळ सरळ दिसतं.